आरसी मॉन्स्टर ट्रकची ताकद वाढवताना: आधी डिफ, मग मोटर

रिमोटवर चालणाऱ्या स्टॉक (कारखान्यातून आला तसा) ट्रकला मोठी ब्रशलेस (आत कार्बनचे ब्रश नसलेली) मोटर बसवली, ३एस (तीन सेलची) बॅटरी लावली, पहिली दोन मिनिटं मजेत गेली आणि एका उडीनंतर मागची चाकं फिरेनाशी झाली. मोटर ओरडतेय, ट्रक जागचा हलत नाही. मागचा गियरबॉक्स उघडावा तर आत डिफच्या (डिफरन्शियल, वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गियरची जोडणी) मोठ्या क्राऊन गियरचे तीन-चार दात सपाट आणि ग्रीसमध्ये धातूचा कीस. नव्याने अपग्रेड करणाऱ्यांकडून हे इतक्या वेळा होतं, की कामाचा क्रमच उलटा ठेवावा असं आमचं ठाम मत आहे. चाकाकडून सुरुवात करा आणि शेवटी मोटरपर्यंत या.

बॅटरीतून निघालेली ताकद ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर), मोटर, पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गियर), स्पर गियर (त्याने फिरणारा मोठा गियर), स्लिपर (झटक्याला घसरणारा क्लच) किंवा सेंटर डिफ, गियरबॉक्स, डिफ, ड्राइव्हशाफ्ट, एक्सल आणि हेक्स (चाक अडकवणारा षटकोनी तुकडा) अशी मजल दरमजल करत टायरला पोचते. या रांगेत सगळ्यात कच्चा भाग पहिला जातो. तो काढून स्टीलचा घातला की त्याच्या शेजारचा जातो. म्हणून कुठला भाग गेला तर चालेल, हे आधीच ठरवून ठेवायचं. स्लिपर घसरला तर पान्याने पाच मिनिटांत पुन्हा आवळता येतो. क्राऊन गेलं तर अर्धा ट्रक उघडावा लागतो.

इथे १/१० आणि १/८ आकाराचे बॅटरीवरचे ट्रक धरले आहेत. नायट्रो इंजिनचं गणित वेगळं आहे.

पायरी १: हातातला ट्रक मोजून घ्या

एक वही घ्या आणि सात गोष्टी लिहून काढा: स्परचे दात, पिनियनचे दात, दातांचा पिच (दात किती बारीक किंवा जाड), गियरबॉक्सचं अंतर्गत गुणोत्तर, टायरचा व्यास, मोटरच्या शाफ्टचा व्यास आणि बॅटरीच्या कप्प्याची लांबी-रुंदी-उंची. अंतर्गत गुणोत्तर ट्रकच्या माहितीपुस्तिकेत असतं. बाकीचं सगळं स्वतः मोजायचं. टायरचा व्यास ट्रक जमिनीवर उभा असताना मोजा, कारण वजनाने टायर थोडा दबतो.

पिचमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो. ४८पी, ३२पी आणि मॉड १ हे तीन पिच या ट्रकमध्ये नेहमी दिसतात. ते एकमेकांशी जुळत नाहीत. गियरवर शिक्का नसेल तर कॅलिपरने बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्याला दातांची संख्या अधिक २ या आकड्याने भागा. ५४ दातांचा स्पर ४४.५ मिमी भरला तर ४४.५ भागिले ५६, म्हणजे साधारण ०.७९. हा ३२पी झाला. उत्तर ०.५३ च्या आसपास आलं तर ४८पी, बरोबर १ आलं तर मॉड १. ३२पी आणि मॉड ०.८ यांत फरक इतका बारीक आहे की या छंदात ते एकत्र चालवले जातात. ४८पी आणि मॉड ०.६ मात्र एकत्र लावू नका. हाताने फिरवताना जुळल्यासारखे वाटतात आणि एका बॅटरीत स्पर खाऊन टाकतात.

पायरी २: बुश काढा, बेअरिंग घाला

प्राथमिक किमतीच्या बऱ्याच ट्रकमध्ये एक्सलवर आणि गियरबॉक्समध्ये प्लास्टिकचे किंवा पितळी रंगाचे बुश (शाफ्ट धरणाऱ्या साध्या नळ्या) असतात. स्टॉक मोटरला ते चालतात. जास्त फेऱ्यांवर ते तापतात, भोक लंबगोल होतं, शाफ्ट डगमगायला लागतो आणि मग दात एकमेकांवर तिरपे बसतात. नंतर ‘गियर निकृष्ट होता’ म्हणून जी तक्रार होते, तिच्या मुळाशी पुष्कळदा हा घासलेला बुशच असतो.

५×११×४ आणि १०×१५×४ मिमी ही बेअरिंगची मापं वारंवार लागतात, पण मागवण्याआधी प्रत्येक जागा मोजा. चाकाजवळ रबरी सीलची बेअरिंग घ्या, तिथे माती आणि पाणी लागतं. आत गियरबॉक्समध्ये धातूच्या झाकणाची चालतात.

पायरी ३: डिफ उघडा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. कारखान्यातून येणाऱ्या डिफमध्ये क्राऊन गियर आणि त्याला फिरवणारा छोटा इनपुट पिनियन यांच्यात बरेचदा गरजेपेक्षा जास्त फट असते. स्टॉक मोटर ती फट सहन करते. दुप्पट ताकदीला दात मुळापर्यंत न बसता टोकावर बसतात आणि टोकं तुटतात.

डिफ गियरबॉक्सच्या घरात ठेवा, झाकण स्क्रूने पूर्ण बंद करा आणि मगच फट तपासा. झाकण उघडं असताना केलेली तपासणी उपयोगाची नाही, कारण झाकण आवळल्यावर सगळं किंचित सरकतं. इनपुट शाफ्ट एका हाताने घट्ट धरा. दोन्ही बाजूंचे आउटड्राइव्ह (डिफमधून बाहेर आलेली टोकं) दुसऱ्या हाताने एकत्र, एकाच दिशेने हलवा. जेमतेम जाणवेल इतका प्ले हवा. टक टक असा स्पष्ट आवाज आला तर फट जास्त आहे.

ती कमी करायला पातळ चकत्या, म्हणजे शिम लागतात. ०.१ आणि ०.२ मिमी जाडीच्या घेऊन ठेवा. क्राऊनचे दात ज्या बाजूला तोंड करून आहेत, त्याच्या उलट बाजूला डिफ आणि बेअरिंगच्या मध्ये शिम घातली की क्राऊन पिनियनच्या जवळ जातं. एका वेळी एकच ०.१ ची शिम घाला, झाकण बंद करा, पुन्हा तपासा. पूर्ण एक फेरा फिरवताना कुठेही अडकल्यासारखं वाटलं तर एक शिम काढा. जास्त जवळ आणलेलं क्राऊन तापतं आणि बेअरिंगही फोडतं. इनपुट पिनियन स्वतः मागे-पुढे हलत असेल तर आधी त्याच्या शाफ्टवर शिम घालून तो प्ले काढा, क्राऊनकडे नंतर वळा.

उघडलंच आहे तर डिफचं तेलही बदला. सिलिकॉन तेलाचा घट्टपणा सीएसटीत लिहिलेला असतो. सेंटर डिफ असलेल्या ट्रकला पुढे ३०,००० ते ५०,०००, मध्ये १,००,००० ते २,००,००० आणि मागे १०,००० ते २०,००० इथून सुरुवात करा. मधलं तेल पातळ असेल तर ताकद सगळ्यात हलक्या पडलेल्या चाकांकडे, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर उचलल्या जाणाऱ्या पुढच्या चाकांकडे पळते. पुढचे टायर फुग्यासारखे फुगतात आणि ट्रक पुढे सरकत नाही. तेल घट्ट केलं की ट्रक जोर धरतो, पण मागच्या चाकांवर उभाही लवकर राहतो. मागचं तेल फार घट्ट केलं तर वळणावर मागची बाजू सटकते.

तेल भरताना आतल्या छोट्या गियरची आडवी पिन जेमतेम बुडेल इतकंच भरा. काठोकाठ भरलेलं डिफ तापलं की सील ढकलून गळतं. बुडबुडे वर येऊ द्या. १,००,००० च्या तेलाला त्यासाठी काही तास लागतात, रात्रभर उभं ठेवलं तर उत्तमच. ओ-रिंगला त्याच तेलाचा हात लावा, गॅस्केट नवीन घाला आणि चारही स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळा. क्राऊनचे स्क्रू धातूत जात असतील तर त्यांना मध्यम ताकदीच्या, म्हणजे निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब. त्याआधी आट्यांवरचं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. तेलकट आट्यांवर थ्रेडलॉक धरत नाही. प्लास्टिकवर तो सांडू देऊ नका, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात.

पायरी ४: स्लिपर, ड्राइव्हशाफ्ट, हेक्स

१/१० च्या बऱ्याच ट्रकमध्ये स्परला लागून स्लिपर क्लच असतो. तो घसरून झटका गिळतो आणि पुढचे गियर वाचवतो. नट पूर्ण आवळा, मग अर्धा ते एक फेरा सैल करा. मागची दोन्ही चाकं हाताने घट्ट धरून स्पर अंगठ्याने पुढे ढकला. बऱ्यापैकी जोर लावल्यावर तो घसरला पाहिजे. सहज घसरला तर पाव फेरा आवळा. जमिनीवरची खूण अशी: पकड असलेल्या पृष्ठभागावर जागेवरून पूर्ण थ्रॉटल दिला की पहिल्या फूट-दोन फुटांत बारीक शीळ ऐकू येते आणि मग बंद होते. शीळ चालूच राहिली तर स्लिपर जळतोय. त्या उष्णतेने प्लास्टिकचा स्पर मध्यातून मऊ होतो आणि डगमगायला लागतो. स्लिपर पूर्ण आवळून टाकायचा मोह होतो, कारण ट्रक लगेच तडफदार वाटतो. तसं केलंत तर तो झटका थेट डिफला जातो.

एकात एक सरकणारे प्लास्टिकचे ड्राइव्हशाफ्ट जोर आला की पिळतात. त्यांच्यावर पांढरट रेघा दिसू लागल्या की ते संपत आले असं समजा. त्यांच्या जागी स्टीलचे सीव्हीडी (सांध्यावर वळणारे शाफ्ट) घाला. अॅल्युमिनियमचे शाफ्ट हलके आणि देखणे असतात, पण वाकतात, आणि सांध्याच्या पिनची जागा लवकर झिजते. बसवल्यावर सस्पेन्शन हाताने पूर्ण दाबून आणि पूर्ण सोडून पाहा. दाबल्यावर शाफ्ट आउटड्राइव्हच्या तळाला टेकता कामा नये आणि सोडल्यावर बाहेर निसटता कामा नये. टेकला तर प्रत्येक उडीला तो डिफच्या बेअरिंगवर हातोडा मारत राहील. सांध्याची पिन धरणारा छोटा ग्रब (डोकं नसलेला) स्क्रू थ्रेडलॉकशिवाय सोडू नका.

गियरबॉक्सच्या आतला प्लास्टिकचा आयडलर (दोन गियरच्या मधला) गियरही याच वेळी स्टीलचा करून टाका. चाकाचे हेक्स प्लास्टिकचे असतील तर धातूचे घाला, नाहीतर कोपरे गोल होऊन चाक मोकळं फिरेल. २.८ इंचाच्या चाकांना १२ मिमीचा हेक्स पुरतो. ३.८ इंचाच्या जड चाकांना १७ मिमीचाच हवा.

अॅल्युमिनियमचे चकचकीत सस्पेन्शन आर्म या घडीला घेऊ नका. प्लास्टिकचा आर्म वाकून परत येतो. धातूचा वाकला की वाकलेलाच राहतो, किंवा झटका पुढे गियरबॉक्सच्या घराला देतो. अॅल्युमिनियम घ्यायचंच असेल तर मोटर माउंटचं घ्या. ते जोराखाली लवत नाही, दातांची जुळणी जागेवर राहते आणि मोटरची उष्णताही ओढून घेतं.

पायरी ५: मोटर आणि ईएससी

मोटरच्या नावातला आकडा तिचं माप सांगतो. ३६६० म्हणजे ३६ मिमी व्यास आणि ६० मिमी लांबी. ४२७४ म्हणजे ४२ मिमी आणि ७४ मिमी. लांब मोटर जास्त जोर देते आणि कमी तापते, पण माउंटमध्ये आणि चेसिसवर मावली पाहिजे. ३६ मिमीच्या मोटरींचा शाफ्ट ३.१७ किंवा ५ मिमीचा असतो. पिनियन त्याच भोकाचा घ्यायचा.

केव्ही म्हणजे लोड नसताना एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. ३२०० केव्हीची मोटर ११.१ व्होल्टच्या ३एसवर ३५,५२० फेरे घेईल. केव्ही जास्त म्हणजे मोटर जास्त ताकदवान, हा समज डोक्यातून काढून टाका. मॉन्स्टर ट्रकची चाकं मोठी आणि जड असतात, त्यांना कमी केव्ही आणि जास्त व्होल्ट मानवतात. हिशेब करून बघा. ८८८ वॅट काढायला ११.१ व्होल्टवर ८० अँपिअर लागतात, १४.८ व्होल्टवर ६०. तारेतली आणि वेटोळ्यातली उष्णता अँपिअरच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणजे तेवढ्याच रोधात ६० अँपिअरला ८० च्या तुलनेत ५६ टक्केच उष्णता.

१/१० च्या ट्रकला ३एसवर ३२०० केव्हीच्या आसपासची ३६६० मोटर ही सुरुवातीची समजूतदार निवड आहे. हॉबीविंगच्या मॅक्स१० एससीटी या १२० अँपिअरच्या ईएससीबरोबर याच मापाची मोटर ३२००, ४००० आणि ४६०० केव्हीत मिळते. मॉन्स्टर ट्रकसाठी त्यातली ३२०० ची घ्या, बाकीच्या दोन हलक्या गाड्यांना शोभतात. १/८ च्या ट्रकला ४एसवर २००० ते २२०० केव्हीची ४२७४ आणि १५० अँपिअरचा ईएससी. ६एसवर जायचं असेल तर निर्मात्याने दिलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा आधी वाचा आणि केव्ही गुणिले व्होल्ट त्याच्या आत ठेवा. गुणताना सेलचे पूर्ण चार्जचे ४.२ व्होल्ट धरा.

ब्रश्ड मोटरचा दोन तारांचा ईएससी ब्रशलेसला चालत नाही, दोन्ही एकदमच बदलावे लागतात. सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करा. सेन्सरची केबल जोडलेली असेल तर हे करू नका. तिथे ए, बी, सी तारा आपापल्या खुणेलाच जोडायच्या आणि दिशा ईएससीच्या सेटिंगमधून बदलायची.

मोटर माउंटला लावताना स्क्रूची लांबी बघा. जास्त लांब स्क्रू आत जाऊन वेटोळ्याला टेकतो आणि नवी मोटर पहिल्या वळणाआधीच जळते. माउंटची जाडी सोडून मोटरमध्ये किती मिलिमीटर जाऊ द्यायचं हे मोटरच्या कागदावर असतं.

पायरी ६: बॅटरी आणि कनेक्टर

लिपोचा (लिथियम पॉलिमर बॅटरीचा) एक सेल नाममात्र ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. ५००० एमएएच आणि ५०सी (सी म्हणजे क्षमतेच्या किती पट प्रवाह) लिहिलेली बॅटरी कागदावर २५० अँपिअर देते. हा छापील आकडा पुष्कळदा उदार असतो, म्हणून गरजेच्या दुप्पट धरूनच घ्या. पडेल बॅटरीची खूण म्हणजे थ्रॉटल दिल्यावर मोटर गचके खाते आणि कधी कधी रिसीव्हर क्षणभर बंद पडतो. जुन्या ७ सेलच्या एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड) पॅकवर मोठी ब्रशलेस चालवली की हेच होतं.

ईएससीतली लो व्होल्टेज मर्यादा सेलमागे ३.२ व्होल्टवर ठेवा. काही ईएससी एनआयएमएचच्या सेटिंगवर येतात, ते लिपोवर न्यायला विसरलात तर पहिल्याच दिवशी बॅटरी मरते. चार्ज बॅलन्स मोडमध्ये, १सीने, म्हणजे ५००० एमएएचला ५ अँपिअरने, आणि समोर बसून करा. आठवडाभर वापरणार नसाल तर सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नका.

पांढरा जुना टॅमिया कनेक्टर या प्रवाहाला वितळतो. ३एसपर्यंत एक्सटी६० चालतो, त्यापुढे एक्सटी९० किंवा ईसी५ घ्या. सोल्डर करायला ६० ते ८० वॅटचं जाड टोकाचं सोल्डरिंग आयर्न लागतं. बारीक टोकाचं जाड तारेला तापवूच शकत नाही, आणि वरून गोल दिसणारा सांधा आतून कोरडा राहतो. सोल्डर करताना समोरचा जोडीचा कनेक्टर त्यात घालून ठेवा, म्हणजे प्लास्टिक मऊ झालं तरी पिना वाकड्या होत नाहीत. श्रिंक ट्यूब आधी तारेत ओवा. बॅटरीच्या दोन्ही तारा एकाच वेळी कापू नका. एक कापा, सोल्डर करा, झाका, मग दुसरी.

पायरी ७: गियरिंगचा हिशेब

एकूण गुणोत्तर, ज्याला एफडीआर म्हणतात, ते असं काढायचं: स्परचे दात भागिले पिनियनचे दात, गुणिले अंतर्गत गुणोत्तर. समजा स्पर ५४, पिनियन १३ आणि अंतर्गत २.८५. एफडीआर आला ११.८४. मोटरचे ३५,५२० फेरे त्याने भागले की चाकाचे मिनिटाला ३,००० फेरे. टायर १४० मिमीचा असेल तर परीघ ०.४४ मीटर, म्हणजे ताशी साधारण ७९ किलोमीटर. प्रत्यक्षात लोडमुळे यापेक्षा कमीच मिळतं.

आता टायर १६० मिमीचा घाला आणि बाकी काही बदलू नका. कागदावर वेग ९० वर जातो. तेवढाच वेग जुन्या टायरवर हवा असता तर पिनियन १३ चा १५ करावा लागला असता. म्हणजे टायर २० मिमीने वाढवला तेव्हा तुम्ही नकळत पिनियनचे दोन दात वाढवलेत, शिवाय चाक जड झालं ते वेगळंच. मोठे टायर लावल्यावर मोटर जळते ती याच कारणाने. टायर मोठा केला तर त्याच बैठकीत पिनियन लहान करा. या उदाहरणात ११ चा पिनियन घेतला की हिशेब जवळपास पहिल्या जागी येतो.

नव्या मोटरसाठी निर्मात्याने सुचवलेल्यातला सगळ्यात लहान पिनियन आधी लावा. तापमान बघून एकेक दात वाढवा.

दातांची जुळणी अशी करा:

१. पिनियनचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावर बरोबर समोरासमोर आणा, थ्रेडलॉक लावून आवळा. पिनियन स्परच्या पूर्ण रुंदीवर बसला पाहिजे. अर्ध्या रुंदीवर बसला तर अर्धेच दात काम करतात.

२. साध्या वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा. ती दोन्ही गियरच्या मध्ये फिरवून घ्या.

३. मोटर स्परकडे दाबून धरा, माउंटचे स्क्रू आवळा, मग गियर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांच्या वळ्या उमटलेल्या दिसल्या पाहिजेत, पण ती फाटलेली नको.

४. स्पर पाव पाव फेरा फिरवत चार ठिकाणी प्ले तपासा. प्लास्टिकचा स्पर क्वचितच अगदी गोल असतो. जिथे सगळ्यात घट्ट लागतो तिथे किंचित प्ले उरेल अशी जुळणी ठेवा.

ग्रब स्क्रूसाठी चांगल्या पोलादाची १.५ किंवा २ मिमीची अॅलन की घ्या. ट्रकबरोबर येणारी वाकडी चावी दोन वापरांत गोल होते आणि स्क्रूची खाचही घेऊन जाते.

पायरी ८: पहिली धाव

ट्रान्समीटर आणि ईएससीचं कॅलिब्रेशन मोटर स्परपासून दूर सरकवून करा, किंवा ट्रक उंच ठोकळ्यावर ठेवून. चाकं हवेत असताना पूर्ण थ्रॉटल देऊ नका. भार नसलेले टायर क्षणात फुगतात आणि रिमवरून सुटतात. पंच किंवा सुरुवातीच्या झटक्याची सेटिंग सगळ्यात खाली ठेवा, टायमिंग कारखान्याचंच राहू द्या.

तीन मिनिटं मध्यम वेगाने चालवा आणि थांबा. इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटर, ईएससी आणि बॅटरी मोजा. चकचकीत धातूवर हा थर्मामीटर खोटं कमी तापमान दाखवतो, म्हणून मोटरवर काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवा आणि तिथेच मोजा. मोटर ८० अंश सेल्सिअसच्या खाली हवी. त्याच्या फार पुढे गेली तर तिच्या चुंबकांचा जोर कायमचा कमी होऊ शकतो. बॅटरी ६० अंशांकडे जात असेल तर ती या मोटरला अपुरी आहे. मोटर गरम असेल तर पिनियन एक दात कमी करा. मोटर थंड आणि ईएससी गरम असेल तर त्याच्या पंख्यात गवत अडकलंय का ते आधी बघा. उंच गवतात तापमान सपाट मैदानापेक्षा पुष्कळ वाढतं, म्हणून जिथे चालवणार तिथेच मोजा.

उडी मारताना चाकं जमिनीला लागण्याआधी थ्रॉटल सोडा. हवेत भरधाव फिरणारी जड चाकं जमिनीला टेकली की एकदम मंदावतात, आणि मोटरच्या फिरत्या रोटरचा सगळा वेग त्या क्षणी गियरवर आदळतो. चांगल्या शिम केलेल्या स्टीलच्या डिफचे दातही अशा दोन-तीन उड्यांत जातात. हवेत ब्रेक दाबून चाकं थांबवलेली असतील तर तीही टेकण्याआधी मोकळी करा.

आवाज ऐकून दोष ओळखणं

सतत तीव्र किंचाळी येत असेल तर पिनियन-स्परची जुळणी फार घट्ट आहे. थ्रॉटल दिल्यावरच कटकट येत असेल तर ट्रक उचलून चाकं हळू फिरवा. स्परजवळून आली तर जुळणी सैल आहे किंवा मोटरचे स्क्रू सरकलेत. पुढच्या किंवा मागच्या गियरबॉक्समधून आली तर तिथलं क्राऊन उडी घेतंय. त्याच दिवशी थांबून शिम केलं तर गियर वाचतो, आणखी एक बॅटरी चालवली तर वाचत नाही. मोटर फिरते, स्पर फिरत नाही: ग्रब स्क्रू सुटलाय. स्पर फिरतो, चाकं फिरत नाहीत: स्लिपर सैल आहे किंवा पिन निसटलीय. जागेवरून निघताना ट्रक थरथरतो आणि मग सुटतो, तेव्हा मोटरच्या तीनपैकी एका तारेचा सांधा कोरडा असू शकतो. ती तार हलवून पाहा आणि पुन्हा सोल्डर करा.

पहिल्या बॅटरीनंतर मोटरचे, माउंटचे आणि पिनियनचे स्क्रू परत तपासा, तिसऱ्या बॅटरीनंतर स्लिपर. नवीन डिफ पाच-सहा बॅटरींनी उघडून तेलाचा रंग बघा. करडं झालेलं असेल तर ते सुरुवातीचं घासणं आहे, पुसून नवीन भरा. तेलात बोटाला टोचणारे कण लागले तर दात मोजायला घ्या.